चिंचा न पाडणारं गाव

वासंतीबाई बेंगळुरूला लेकीला न्यायला आल्या होत्या आणि लेक काही केल्या हलायला तयार नव्हती. अडचण एवढीच. पण इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ही अडचण आठवडाभर अशी ठाण मांडून बसली होती की चहा पितानाही तिला वळसा घालून कप उचलावा लागे.

मुग्धाला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, यात चर्चा करण्यासारखं काय आहे हेच वासंतीबाईंना कळत नव्हतं. त्या स्वतः बाळंतपणाला अकोल्याला गेल्या होत्या, त्यांची आई बडनेऱ्याला गेली होती, आता मुग्धानं वर्ध्याला यायचं. पण मुग्धाकडे रोज एक नवं कारण तयार असे. डॉक्टर लांबचा प्रवास नको म्हणतात. रजा आत्ताच संपवली तर नंतर काय करू? परवा तर म्हणाली, वर्ध्याचा उन्हाळा मला सोसणार नाही.

"वर्ध्याचा उन्हाळा? आणि तू काय काश्मिरात जन्मली का?" वासंतीबाई म्हणाल्या. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला थापा ओळखायला वेळ लागत नाही. थाप आहे हे त्यांना कळत होतं, का आहे ते मात्र कळत नव्हतं. लेकीला आपल्या घराची लाज वाटायला लागली असेल, असं मनात येई आणि रात्रीची पोळी घशाखाली उतरत नसे.

आता यातली आतली गोष्ट अशी, की लाज वाटावी असं काहीतरी घडलंही होतं. वर्ध्याच्या घरात मागच्या अंगणाकडे उघडणारी एक खोली होती. थंडगार, विहिरीच्या बाजूची. मुग्धाच्या लग्नाच्या दिवसापासून वासंतीबाईंनी ती मनातल्या मनात बाळंतिणीची खोली म्हणून राखून ठेवली होती. पण नवरा वारल्यापासून घर मुलगा मल्हार आणि सून प्रणिता चालवत होते. दिवाळीनंतर प्रणितानं विचारलं, "आई, त्या खोलीत पार्लर काढू का मी?" आणि वासंतीबाई "काढ ना" म्हणून बसल्या. नाही म्हणायची सवय त्यांना शाळेत होती. घरात ती केव्हाच गेली होती. सून वाईट नव्हती, तिनं विचारलं तरी होतं. पण आता त्या खोलीत भिंतभर आरसे आणि दोन फिरत्या खुर्च्या होत्या, आणि बायका भुवया कोरून घ्यायला येत होत्या.

यातलं अवाक्षर त्यांनी मुग्धाला सांगितलं नव्हतं. बैठकीत पडदा लावू, खाट टाकू, तीन महिने कसेही निघतील, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. लेक माहेरी आली पाहिजे, बस. ती आली नाही तर आपलं म्हणावं असं घर आता उरलेलं नाही, हे चारचौघांना कळलं असतं. आणि खरं म्हणजे त्यांना स्वतःलाच कळलं असतं. ते त्यांना नको होतं.

शनिवारी रात्री जावयानं, वेदांतनं, एकदम जाहीर केलं, "आई, उद्या फिरायला जाऊ या. दिवसभरात परत."

"म्हैसूरला?" वासंतीबाईंचे डोळे चमकले. राजवाडा बघायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

"त्याच रस्त्यावर. पण म्हैसूरला काय, सगळेच जातात. म्हैसूर, कूर्ग, उटी, तेच तेच. हे एकदम वेगळं आहे, मंड्याकडचं. एक गाव आहे, तिथे पक्षी येतात."

"पक्षी," वासंतीबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात जावयाच्या अकलेबद्दल त्यांना जे म्हणायचं होतं ते सगळं आलं. मग त्या लेकीकडे वळल्या. "डॉक्टर प्रवास नको म्हणून राहिले ना? मग हे कसं चालते?"

मुग्धा पाणी प्यायला उठून गेली.

सकाळी लवकर निघाले. शहराबाहेरच्या नाईस रोडवरून म्हैसूरच्या हमरस्त्याला लागले तेव्हा ऊन कोवळं होतं. मार्च लागलेला. मद्दूरच्या अलीकडे वेदांतनं गाडी हमरस्त्यावरून खाली घेतली. सगळ्या गाड्या सुसाट म्हैसूरकडे चालल्या होत्या आणि आपणच तेवढे उसाच्या शेतांतून बैलगाडीच्या मागे चाललोय, हे बघून वासंतीबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला आणि झोपेचं सोंग घेतलं.

गाडी थांबली हे त्यांना वासानंच कळलं. मासळीबाजाराचा वास. डोळे उघडून बघतात तो साधं गाव. कौलारू घरं, किराण्याचं दुकान, नळावर घागरी घेतलेल्या बायका. घरांच्या कौलांवर कुणीतरी चुन्याच्या बादल्या ओतून ठेवल्यासारखे पांढरे ओघळ.

"हे दाखवायला आणलं का, बाप्पा?" त्या उतरल्या आणि त्यांनी पर्समधली छत्री काढली. ऊन लागत होतं म्हणून ती उघडायला त्यांनी मान वर केली, आणि छत्री उघडायची राहूनच गेली.

समोर चिंचेचं एक प्रचंड झाड होतं, आणि त्या झाडावर माणसं राहत असावीत असं त्यांना क्षणभर वाटलं. एवढं मोठं काहीतरी तिथे हलत होतं. मग एक पांढरा पंख उलगडला. उलगडतच राहिला. वासंतीबाईंच्या छत्रीपेक्षा मोठा, त्यांच्या पदरापेक्षा लांब. त्याच्या टोकाला काळी किनार आणि पाठीमागे पिसांत असा गुलाबी रंग, की साडीच्या दुकानात कुणी दाखवला असता तर त्या म्हणाल्या असत्या, हा धुण्यात टिकणार नाही. पक्षी फांदीवरून सुटला आणि त्यांच्या डोक्यावरून गेला. पंखांचा वारा त्यांच्या कपाळाला लागला. अगदी खरा, गार वारा.

"माय वं," वासंतीबाई म्हणाल्या.

मग एकेक दिसायला लागलं. त्या झाडावर एक नव्हे, दहा नव्हेत, फांदी फांदीला घरटी होती. काटक्यांच्या परड्या, एकीला एक चिकटून, आणि प्रत्येकीत ती पांढरी-काळी-गुलाबी पाखरं माणसासारखी उभी. वेदांत हळूच म्हणाला, "हे रंगीत करकोचे, आई. आणि ते राखाडी आहेत ना, ते पेलिकन." पेलिकन वरच्या शेंड्यांवर बसले होते, धोतर नेसलेल्या म्हाताऱ्यांसारखे पोक्त, चोचीखाली कातडीची झोळी लोंबकळलेली. एक पेलिकन कुठून तरी तळ्यावरून आला. आला म्हणजे आभाळातून एखादं गाठोडं उतरावं तसा उतरला, फांदी कमरेतून वाकली, आणि घरट्यातली दोन पिल्लं ओरडत त्याच्यावर तुटून पडली. त्यानं चोच उघडली. एका पिल्लानं आपलं डोकं, मान, खांदे, सगळंच्या सगळं त्या झोळीत घातलं.

"अरे, गिळलं त्यानं!" वासंतीबाई किंचाळल्या.

"नाही आई, जेवतंय ते."

जेवत होतं. आईच्या घशात शिरून जेवत होतं. वासंतीबाईंनी आयुष्यात बरंच काही बघितलं होतं, पण कुणी कुणाला इतकं आत घेतलेलं त्यांनी बघितलं नव्हतं. मुख्य म्हणजे हे जंगलात चाललं नव्हतं. झाडाखाली एक बाई केर काढत होती. स्कूटर उभी होती. दोरीवर परकर वाळत होते आणि त्यांच्या वर दोन हातांच्या अंतरावर ही एवढाली पाखरं संसार करत होती. कुणी कुणाला भीत नव्हतं. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे नजर न्यावी तर तिथेही तेच, पिंपळावर, उंबरावर, शाळेच्या मागच्या झाडावर. अख्ख्या गावाचा वरचा मजला भाड्यानं दिल्यासारखा भरलेला. चोची आपटल्याचा कटकट आवाज सगळीकडून येत होता. वासंतीबाई गावाच्या रस्त्यात मध्येच उभ्या राहून वर बघत होत्या. त्यांचं तोंड उघडं होतं, आणि वेदांतच्या शर्टावर वरून प्रसाद पडला तेव्हाही त्यांना हसायचं सुचलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांचं लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेलं आणि त्या चमकल्या. झाड चिंचांनी लगडलेलं होतं. पिकून तपकिरी झालेल्या चिंचा, कित्येक खाली पडून कुजलेल्या. मार्च महिना, चिंच पाडून, फोडून, मीठ लावून भरून ठेवायचा हंगाम.

"या लोकांनी चिंचा काऊन नाही पाडल्या?"

केर काढणाऱ्या बाईनं हा प्रश्न ऐकला असावा, निदान वासंतीबाईंचं बोट कुठे आहे ते तरी बघितलं असावं. साठीच्या आसपासची, ठसठशीत, कानात जुन्या घडणीच्या कुड्या. तिनं झाडू भिंतीला टेकवला, मुग्धाच्या पोटाकडे एकदा बघितलं आणि लगबगीनं घरातून चटई आणून ओट्यावर टाकली. "बन्नी, बन्नी, कूत्कोळी," म्हणाली. या, बसा, एवढं वासंतीबाईंनाही कळलं. बाईचं नाव कावेरी होतं. मुग्धा तीन वर्षांत भाजीवाल्या अक्कांशी बोलून बोलून बरंच कन्नड शिकली होती. ती मध्ये बसली आणि दोन्हीकडचं इकडून तिकडे पोचवू लागली.

"त्या म्हणतात, चिंचा पाडायच्या तर झाड झोडपावं लागतं. वर बाळंतिणी आहेत. झोडपणार कसं?"

"बाळंतिणी म्हणते ती?"

"हो. त्या लेकीच आहेत म्हणतात. थंडीत येतात, इथे अंडी घालतात, पिल्लं उडायला लागली की पावसाच्या आधी जातात. लेक बाळंतपणाला माहेरी येते तशा. म्हणून इथे कुणी त्यांना दगड मारत नाही. पडलेलं पिल्लू उचलून आणतात, मासे घालून वाढवतात."

वासंतीबाईंनी लेकीकडे संशयानं बघितलं. "हे ती म्हणाली की तू?"

"आई, एवढं कन्नड मी बनवू शकते का?"

वासंतीबाई ताठ बसल्या. माहेरची गोष्ट एखाद्या अनोळखी बाईच्या तोंडून निघाली हे त्यांना फार आवडलं. बघ म्हणावं, पाखरांनाही कळतं. आता हिला चार शब्द सुनवावेत म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कावेरीबाईनं मुग्धाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बाणंतन येल्ली?"

याचा अर्थ सांगायची गरज नव्हती. बाणंतन म्हणजे बाळंतपण, कोणतीही बाई ओळखेल. बाळंतपण कुठे? पण वासंतीबाई "वर्ध्याला" म्हणायच्या आत मुग्धा घाईघाईनं काहीतरी बोलून गेली.

"काय सांगितलं तू?"

"सांगितलं, अजून ठरायचंय."

"ठरायचं काय त्यात!"

आवाज चढला होता. कावेरीबाईनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. मग ती काही न विचारता अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे हात करून सांगू लागली. तिथे जमिनीत एक खोल खड्डा होता, कडेनं गवत वाढलेलं. ती बराच वेळ बोलली. मुग्धानं एकदम भाषांतर केलं नाही. ओठ चावत राहिली.

"सांग ना," वासंतीबाई म्हणाल्या.

"त्यांचं स्वतःचं झाड तिथे होतं. सासूच्या सासूच्या वेळचं. सगळ्यात जास्त घरटी त्यावरच. वादळात मुळासकट पडलं. त्या म्हणतात, मी जेवले नाही. पाखरं नेमकी गेलेली होती, पण परत आली की कुठे उतरतील? आपण त्यांना काय तोंड दाखवायचं? थंडी पडली आणि ती आली. त्या घरात लपून बसल्या होत्या, बाहेरच येईनात. लाज वाटली म्हणतात, पाखरांची."

वासंतीबाई पुढे सरकल्या.

"मग?"

"मग पाखरं त्या मोकळ्या जागेवर फिरली, फिरली, आणि या चिंचेवर उतरली. हे झाड शेजाऱ्यांचं आहे. काही पिंपळावर गेली. त्या म्हणतात, मी वेडी. मला वाटायचं ती माझ्या झाडासाठी येतात."

हेही तूच बनवलंस का, असं विचारावंसं वासंतीबाईंना वाटलं, पण कावेरीबाईचा चेहरा समोर होता आणि तो बनवलेला नव्हता. त्यांनी मान वर केली.

ऊन आता डोक्यावर आलं होतं. ओट्याच्या अगदी वरच्या फांदीवर एका घरट्यात एक करकोचीण उभी होती. तिनं दोन्ही पंख पसरले होते आणि ते तसेच धरून ती उभी होती. उडत नव्हती, हलत नव्हती. वासंतीबाईंना आधी वाटलं पंख वाळवत असेल. मग तिच्या पायांशी, त्या पंखांच्या सावलीत, तीन पांढरे कापसाचे पुंजके दिसले. ऊन फांदीआडून सरकलं तसं एक पुंजका उन्हात आला. करकोचीण पाय उचलून थोडी वळली. सावली पुन्हा पिल्लावर आली. चोच उघडी टाकून ती धापा टाकत होती, तिला स्वतःला ऊन लागतच होतं. थोड्या वेळानं ती पुन्हा वळली. दिवसभर हेच करत असणार. रोज हेच.

वासंतीबाई बघत राहिल्या. किती वेळ ते त्यांना सांगता आलं नसतं. त्या झाडावर छप्पर नव्हतं, भिंत नव्हती, खोली तर नव्हतीच. आठवडाभर, आठवडाभर कसलं, दिवाळीपासून दाबून धरलेलं ते आता त्यांना धरवेना.

"मुग्धा," त्या वरच बघत म्हणाल्या, "खोली नाही राहिली गं. मागची. प्रणितानं तिथे पार्लर काढलं. मीच हो म्हटलं. तुला बैठकीत ठेवणार होती मी, पडदा लावून."

"मला माहीत आहे."

वासंतीबाईंची मान खाली आली.

"वहिनीनं उद्घाटनाचे फोटो स्टेटसला टाकले होते आई. खिडकीतून विहीर दिसत होती. बघितलं आणि कळलंच."

"दिवाळीपासून माहीत आहे तुला? मग बोलली काऊन नाही? डॉक्टर काय, रजा काय, उन्हाळा काय, किती थापा मारून राहिली माझ्याशी!" राग खरा होता, आणि डोळ्यांतून पाणीही खरंच येत होतं.

"बोलले असते तर तू पार्लर बंद करायला लावलं असतंस. नाहीतर दादाशी भांडली असतीस." मुग्धाचा आवाज चिरकला. "माझं काय, तीन महिन्यांचा प्रश्न. तुला त्याच घरात राहायचंय. माझ्यापायी तिथे कुणी तुझ्याशी वाकडं बोललेलं मला चालणार नाही. म्हटलं, मीच येत नाही म्हणावं. तू माझ्यावर चिडशील, चिडू दे."

वासंतीबाईंना वाटलं होतं, लेक आपल्या घराला लाजते. लेक आठवडाभर शिव्या खात होती, आणि त्या शिव्या आईला घरात नीट जगता यावं म्हणून खात होती. छत्तीस वर्षं थापा ओळखल्या आणि ही एक ओळखता आली नाही. त्यांनी मुग्धाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. वर चोचींचा कटकटाट चालला होता.

वेदांत नळावर शर्ट धुऊन ओल्या अंगानं परत आला तो हे दृश्य बघून अंगणातच थबकला. वासंतीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि सरळ त्याच्याकडे वळल्या. लेकीच्या घरी आईनं फार दिवस राहू नये, अशा घरात त्या वाढल्या होत्या. जावयाकडे त्यांनी आजवर साधा पाण्याचा पेला मागितला नव्हता.

"वेदांतराव, एक मागायचं आहे तुमच्याजवळ. बाळंतपण होऊन मुग्धा उठेपर्यंत मी तुमच्याकडे राहू का?"

वेदांत गोंधळला. "आई, विचारता काय असं? मी तर तुम्ही आल्या दिवसापासून मुग्धाला म्हणतोय..." आणि मुग्धाकडे बघून तो गप्प झाला. म्हणजे त्यालाही सगळं माहीत होतं तर. त्यानं पुढे येऊन वाकून नमस्कार केला. एरवी सणावारालाही तो हे विसरत असे.

कावेरीबाईला यातला एक शब्द कळला नव्हता. पण रडणं कळलं होतं, आणि रडून झाल्यावर काहीतरी मिटलं हेही कळलं होतं. तिनं आतून तांब्याभर ताक आणलं, तिघांच्या हातांत पेले दिले आणि मघाचा प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मुग्धाला नाही, तिच्या आईला.

वासंतीबाईंनी मुग्धाला गप्प राहायची खूण केली. वर्धा म्हटलं नाही, बेंगळुरूही म्हटलं नाही. हाताचा पंजा आपल्या छातीवर ठेवला आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "माझ्याजवळ."

मुग्धा कन्नडमध्ये सांगायला लागली, पण कावेरीबाईनं हातानंच तिला थांबवलं. तिला कळलं होतं.